अंदाज आणि माप

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, स्वयंपाकाविषयी रेडिओवर बोलणं तसं अवघडच. इथे फोडणीचा वास येत नाही आणि रश्श्याचा रंगही दिसत नाही. टेलिव्हिजनवाल्यांची अडचण आपल्यापेक्षा निम्मी. त्यांना रंग दाखवता येतो. वास मात्र त्यांच्याकडेही नाही. तरीही १९८२ साली बीबीसीच्या पडद्यावर एका भारतीय बाईंनी इंग्रजांना तेलात तडतडणारं जिरं दाखवलं, आणि पुढच्या काही वर्षांत त्या देशातल्या कितीतरी घरांमधला संध्याकाळचा वास बदलत गेला. त्या बाईंचं नाव मधुर जाफरी. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

मी कविता लिहिणारा माणूस. स्वयंपाकातली माझी मजल चहा आणि फार तर खिचडीपर्यंत. मग या विषयावर मी का बोलावं? त्याचं कारण असं की मधुरबाईंनी जे काम केलं त्याला मी मनातल्या मनात भाषांतर म्हणतो, आणि भाषांतराशी माझा रोजचा संबंध आहे. आमच्या घरात दखनी बोलतात. मी लिहितो मराठीत. आईच्या तोंडचा एखादा शब्द मराठीत आणताना तो वाटेत कुठे सांडतो, किती उरतो, हे मी आयुष्यभर बघत आलो आहे. आईच्या हातची चव दुसऱ्याच्या भाषेत, दुसऱ्याच्या चुलीवर नेणं ही त्याच जातीची गोष्ट आहे. किंबहुना जास्त कठीण. कवितेचं भाषांतर फसलं तर वाचक पान उलटतो. इथे माणूस उपाशी राहतो!

मधुरबाईंचा जन्म १३ ऑगस्ट १९३३चा, दिल्लीचा. जन्मल्याबरोबर आजीने त्यांच्या जिभेवर मधाने 'ओम' लिहिला आणि नाव ठेवलं गेलं मधुर. आजोबा बॅरिस्टर. यमुनेजवळ मोठं घर, एकत्र कुटुंब, जेवायला बसली की तीसचाळीस माणसं. वडील काही वर्षं कानपूरला वनस्पती तुपाच्या कारखान्यात व्यवस्थापक होते, तेव्हा काही बालपण तिकडेही गेलं. 'क्लाइंबिंग द मँगो ट्रीज' हे त्यांच्या बालपणाच्या आठवणींचं पुस्तक २००५ साली आलं. त्यात हिवाळ्याच्या सकाळी दारावर येणाऱ्या 'दौलत की चाट'चं वर्णन आहे. ही चाट म्हणजे नुसता दुधाचा फेस. रात्रीच्या थंडीत दूध बाहेर ठेवायचं, पहाटे ते घुसळायचं, वर येणारा फेस मातीच्या लहानशा भांड्यात भरायचा आणि त्यावर थोडा पिस्ता. तोंडात घातलं की संपलं. उन्हं वर आली की तो पदार्थच उरत नाही. हे वाचताना मला त्या पाककलेच्या लेखिका वाटल्याच नाहीत, आमच्या जमातीतल्या वाटल्या.

घराणं माथुर कायस्थांचं. कायस्थ म्हणजे लेखणीवर जगणारी माणसं. मुघलांच्या दरबारात यांचे पूर्वज हिशेब आणि दफ्तर सांभाळत. पुरुष फारसी शिकत, बायका हिंदी. त्यामुळे घरात दोन जगं एकाच ताटात वाढली जात. सणावाराला निखळ हिंदू शाकाहारी जेवण, आणि एरवी मुसलमानी दरबारातून आलेले कोर्मे, कबाब, पुलाव. आपल्याकडच्या सीकेपी मंडळींच्या मटणाचा लौकिक ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

शाळेच्या मधल्या सुट्टीत मुसलमान, जैन, पंजाबी मैत्रिणींचे डबे एकत्र उघडत. मग १९४७ साल आलं. वर्गात मुलींचे दोन तट पडले आणि मधुरबाई मध्येच उभ्या राहिल्या. मुसलमान मैत्रिणी एकेक करत निघून गेल्या. त्यांचे डबे गेले, आणि काही दिवसांनी पंजाबातून आलेल्या निर्वासितांबरोबर दिल्लीत तंदूर आला, पनीर आलं. दर्यागंजमधलं 'मोती महल' त्याच काळातलं. आज जगभर 'भारतीय जेवण' म्हणून ज्याची ओळख आहे, ती तंदुरी कोंबडी दिल्लीच्या दारात अशी आली, घरदार गमावलेल्या माणसांच्या हातून. फाळणीवर आपण पुष्कळ वाचलं आहे. डब्यांतून सांगितलेली फाळणी मी पहिल्यांदा इथे वाचली.

आता एक गंमत. या मधुरबाई शाळेत गृहशास्त्राच्या परीक्षेत नापास झाल्या होत्या! वर्षभर शिकवलं होतं ब्लाँमांज नावाचं इंग्रजी दुधाचं गोड आणि आजाऱ्यांना द्यायचे फिकट पदार्थ. परीक्षेत पुढ्यात आले बटाटे, मसाले आणि चूल. घरात स्वयंपाक्यांचा राबता, त्यामुळे मुलीने कधी पळी हातात धरलेली नव्हती. चव मात्र तिच्या डोक्यात पक्की बसलेली होती. हे पुढे फार कामाला आलं.

मिरांडा हाउसमध्ये इंग्रजी घेऊन त्या बी.ए. झाल्या. नाटकांत काम करायच्या, आणि आपल्याला, म्हणजे रेडिओवाल्यांना, अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे दिल्लीच्या आकाशवाणीवरही त्यांनी काम केलं. तिथून अभिनय शिकण्यासाठी शिष्यवृत्तीवर लंडनच्या 'रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट'मध्ये. हे १९५०च्या दशकातलं लंडन. युद्धकाळात सुरू झालेलं रेशनिंग नुकतंच उठलेलं. कँटीनमध्ये पाण्यात उकडलेला कोबी, उकडलेले बटाटे आणि राखाडी रंगाचा मांसाचा पातळ काप. विशीतली ही मुलगी उपाशी नव्हती, पण तिची जीभ उपाशी होती. तिने आईला पत्र लिहिलं, मला स्वयंपाक शिकव.

आईची उत्तरं आली. हवाई टपालाच्या पातळ कागदावर, हिंदीत. एकेका पदार्थाला दोनतीन ओळी. अमुक मसाला थोडा घाल, तमुक जरा परत, मग शिजू दे. 'थोडा' म्हणजे किती, 'जरा' म्हणजे किती मिनिटं, काही नाही. कारण आईलाही ते ठाऊक नव्हतं. म्हणजे हाताला ठाऊक होतं, पण शब्दाला नव्हतं.

श्रोतेहो, इथे मला 'अंदाज' या शब्दाविषयी बोलायचं आहे. हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि मराठीत असा रुळला की त्याचं मूळ कुणी विचारत नाही. 'अंदाजाने मीठ घाल' असं मराठी आई म्हणते, आणि आमची अम्मा 'अंदाजसे डाल' म्हणायची. मात्र शायरीत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. तिथे अंदाज म्हणजे ढंग, शैली, एखाद्याची गोष्ट सांगण्याची खास तऱ्हा. दोन्ही अर्थ एकत्र धरले तर स्वयंपाक नीट कळतो. आई जेव्हा अंदाजाने मीठ घालते तेव्हा ती नुसतं माप टाळत नसते, तिची सही करत असते. म्हणूनच तो अंदाज कागदावर उतरत नाही.

माझी एक खाला, म्हणजे मावशी, लग्न होऊन मिरजेहून इंग्लंडात लेस्टरला गेली. तिची मुलगी तिकडेच जन्मली, तिकडेच शिकली. विद्यापीठासाठी ती दुसऱ्या शहरात राहायला गेली तेव्हा फोनवरून आईला विचारायची, ''कित्ता डालू?'' पलीकडून उत्तर, ''अंदाजसे डाल.'' मुलगी रडकुंडीला यायची. अंदाज यायला आधी शंभर वेळा आईच्या शेजारी उभं राहावं लागतं, आणि ते तिचं राहूनच गेलं होतं. शेवटी तिने दुकानातून मधुर जाफरींचं पुस्तक आणलं. सुट्टीत घरी आली तेव्हा ते पुस्तक खालाच्या हाती लागलं. खालाचा संताप बघण्यासारखा होता म्हणतात. ''मैं मर गयी क्या? एका कायस्थ बाईच्या पुस्तकात बघून माझी मुलगी कोर्मा करणार?'' खालाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून तिने मुलीला ती कृती मोठ्याने वाचायला लावली. मुलगी वाचत गेली, खाला मान हलवत गेली. दह्यापाशी मात्र तिने थांबवलं. दही एकदम ओतू नका, एकेक चमचा घाला आणि प्रत्येक चमचा मसाल्यात पूर्ण मुरला की मगच पुढचा, नाहीतर ते फाटेल, असं तिथे लिहिलेलं होतं. खाला म्हणाली, ''ये औरत पकाती है.'' ही बाई खरंच स्वयंपाक करते! यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मला तरी माहीत नाही.

मूळ आयुष्याकडे येऊ. लंडननंतर त्या अमेरिकेत गेल्या. दिल्लीच्या नाटकमंडळीतले सईद जाफरी यांच्याशी १९५८मध्ये लग्न झालं, तीन मुली झाल्या. तो संसार टिकला नाही, पण आडनाव राहिलं. त्यामुळे आजही अनेकांना त्या मुसलमान वाटतात. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी तर 'आपल्यातल्या बाईंनी केवढं नाव काढलं' म्हणून मला सांगितलं होतं. मी त्यांचा भ्रम मोडला नाही. ज्या घराण्याने चारशे वर्षं कोर्मा जपला त्यांना 'आपल्यातले' म्हणायला हरकत कसली? पुढे सँफर्ड ॲलन या व्हायोलिनवादकाशी त्यांनी दुसरं लग्न केलं.

इस्माईल मर्चंट हे मुंबईचे, नळबाजार-भेंडीबाजाराचा वास ओळखणारे गृहस्थ, तेव्हा न्यू यॉर्कमध्ये चित्रपट काढायची स्वप्नं बघत होते. त्यांची आणि जेम्स आयव्हरी यांची गाठ पडण्यात जाफरी दांपत्याचा हात होता. या जोडीच्या 'शेक्सपिअरवाला' या चित्रपटातल्या भूमिकेसाठी मधुरबाईंना १९६५ साली बर्लिनच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. आता चित्रपटाची जाहिरात तर व्हायला हवी, आणि पैसा नाही. मर्चंट स्वतः पट्टीचे स्वयंपाकी. त्यांनी शक्कल लढवली. 'न्यू यॉर्क टाइम्स'चे खाद्यसमीक्षक क्रेग क्लेबोर्न यांना गाठलं आणि सांगितलं, आमची नटी स्वयंपाकही झकास करते. १९६६मध्ये लेख छापून आला. चित्रपटाला किती प्रेक्षक मिळाले कोण जाणे, पण अभिनेत्रीला नवा धंदा मिळाला. लोक तिच्याकडे भूमिका घेऊन येण्याऐवजी पाककृती मागायला येऊ लागले.

त्यातून १९७३ साली 'ॲन इन्व्हिटेशन टू इंडियन कुकिंग' हे पुस्तक निघालं. संपादिका होत्या ज्युडिथ जोन्स. या बाईंची नजर विलक्षण असली पाहिजे. प्रकाशकाने नाकारलेल्या गठ्ठ्यातून ॲन फ्रँकची रोजनिशी त्यांनीच वर काढली होती आणि अमेरिकन टेलिव्हिजनवर फ्रेंच स्वयंपाक शिकवणाऱ्या ज्युलिया चाइल्ड यांचं पहिलं पुस्तकही त्यांनीच केलं होतं. मधुरबाईंसाठी हे पुस्तक म्हणजे आईच्या त्या दोनतीन ओळींची पानंच्या पानं करणं होतं. थोडं म्हणजे अर्धा चमचा की पाव? कांदा परतायचा म्हणजे गुलाबी, सोनेरी की तपकिरी? आच मोठी की मध्यम? पुन्हा पुन्हा करून बघायचं, मोजायचं, लिहायचं. डोक्यात बसलेल्या चवीशी ताडून बघायचं.

या पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्यांनी 'करी' या शब्दावर तोफ डागली. भारतासारख्या देशाचा सगळा स्वयंपाक या एका शब्दात कोंबणं अपमानास्पद आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यामागे इतिहास मोठा आहे. हॅना ग्लास या इंग्रज बाईंच्या १७४७च्या पुस्तकात 'करी'ची कृती सापडते. पाटण्याहून गेलेल्या शेख दीन महंमद यांनी १८१०मध्ये लंडनमध्ये 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' काढलं, ते दोनच वर्षांत बुडालं. मग डब्यातली करी पावडर आली. वांगं असो, कोंबडी असो, अंडं असो, सगळ्यावर एकच पिवळी पूड! पुढच्या काळात तिथे जी 'इंडियन' उपाहारगृहं निघाली ती बहुतेक सिल्हेटच्या बंगाली मुसलमानांची, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या लोकांची. त्यातले अनेक मूळचे जहाजांवरचे खलाशी. त्यांनी इंग्रज गिऱ्हाइकाला जे झेपेल, जे पटकन होईल ते रांधलं.

आता १९८२कडे. ब्रिटिश टेलिव्हिजनवर स्वयंपाक नवा नव्हता. फिलिप हार्बेन यांनी १९४६मध्येच तिथे पातेलं चढवलं होतं. पुढे फॅनी क्रॅडॉक गाऊन घालून पदार्थ करत आणि नवऱ्याला झापत, तोही एक तमाशा होता. डेलिया स्मिथ शांत, सोप्या भाषेत शिकवत. पण आपल्या मसाल्यांसाठी एक पूर्ण मालिका, तीही बीबीसीवर, भारतीय बाईंच्या तोंडून, ही गोष्ट मोठी होती. मालिकेचं नाव 'मधुर जाफरीज इंडियन कुकरी'. जोडीला त्याच नावाचं पुस्तक.

त्या काळातल्या इंग्लंडचा विचार करा. १९६८मध्ये एनॉक पॉवेल यांचं स्थलांतरितांविरुद्धचं कुप्रसिद्ध भाषण झालेलं. १९७२मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललेले हजारो भारतीय इंग्लंडात आलेले. १९८१मध्ये ब्रिक्स्टनला दंगली पेटलेल्या. आपल्या पोरांना शाळेत 'तुमच्या कपड्यांना करीचा वास येतो' म्हणून हिणवलं जायचं. माझी खालाची मुलगी सांगते, शाळेत निघण्यापूर्वी ती कोट स्वयंपाकघरापासून दूर, जिन्याखाली टांगायची आणि आईला दार लावून घ्यायला लावायची. वास हा लाजेचा विषय होता. आणि अशात एक देखणी, आत्मविश्वासाने बोलणारी बाई पडद्यावर येते आणि सांगते की ज्या वासाला तुम्ही नाक मुरडता, तो असा तयार होतो, आणि तो तयार करणं ही कला आहे.

त्यांनी शिकवलं काय? मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी मसाल्याचं व्याकरण शिकवलं. जिरं एकच. ते अख्खं गरम तेलात टाकलं तर एक चव, कोरडं भाजून कुटलं तर दुसरी, कच्चंच दळलं तर तिसरी. पावडरीच्या डब्यावर वाढलेल्या माणसाला हे ऐकून केवढा धक्का बसला असेल! फोडणीला तर इंग्रजीत शब्दच नाही. दखनीत बघार, हिंदीत तडका किंवा छौंक, मराठीत फोडणी. इंग्रजीत एक अख्खं वाक्य लिहावं लागतं. परतणं, तळणं, भाजणं, शेकणं हे आपले वेगवेगळे संसार. 'खमंग' या शब्दासाठी तर मी इंग्रजीतून आलेल्या कुणालाही आव्हान देतो. जिथे शब्द नाही तिथे टेलिव्हिजन कामाला आलं. शब्द नसू दे, तेलात दाणे उडताना तर दिसतात, आवाज तर ऐकू येतो. आणि मधुरबाई नटी होत्या. कॅमेऱ्याकडे बघून समोरच्या एका माणसाशी बोलावं तसं बोलणं त्यांना जमत होतं.

दुसरी गोष्ट, त्यांनी अडवणूक केली नाही. पाटा-वरवंटा नाही? आलं-लसूण थोडं पाणी घालून मिक्सरमधून काढा. चांगले टोमॅटो मिळत नाहीत? डब्यातले चालतील. शुद्धतावादी मंडळी यावर नाराज होतात. मला विचाराल तर भाषांतरकाराला कुठे सैल सोडायचं आणि कुठे धरून ठेवायचं हे कळावं लागतं. टोमॅटो सैल सोडला, दही मात्र चमच्याचमच्यानेच.

मालिकेचा परिणाम सांगताना एक किस्सा नेहमी सांगितला जातो. त्यांनी लिंबू आणि कोथिंबीर घातलेली कोंबडी करून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी मँचेस्टरमधली कोथिंबीर संपली. अतिशयोक्ती असेलही थोडी. पण सुपरमार्केटच्या फळीवर हिरवी कोथिंबीर, अख्खे मसाले दिसू लागले ते याच काळात, आणि त्यात या मालिकेचा वाटा सगळेच मान्य करतात. दोन वर्षांनी, १९८४मध्ये, बीबीसीने केन होम यांच्याकडून चिनी स्वयंपाकाची मालिका केली. परदेशी अन्न त्या अन्नात वाढलेल्या माणसाच्या तोंडून ऐकायचं, ही वाट तिथे रुळली. २०१५मध्ये बांगलादेशी वंशाची, डोक्याला स्कार्फ बांधणारी नादिया हुसेन बीबीसीची केकस्पर्धा जिंकून घराघरांत पोचली, तेव्हा मला ही वाट आठवली.

एक टोचणी मात्र बोलून दाखवतो. मधुरबाई बॅरिस्टरच्या नाती, मोठ्या घरातल्या. त्यांनी त्या सिल्हेटी उपाहारगृहांना दुय्यम दर्जाची म्हटलं तेव्हा ते चवीच्या दृष्टीने बरोबरच होतं. पण तळघरातल्या भटारखान्यात रात्री एकपर्यंत भांडी घासणाऱ्या माणसाला दर्जाची चैन परवडत नव्हती. इंग्रजांना मसाल्याची पहिली चटक लावली ती त्यानेच. त्याचं नाव कुठल्या पुस्तकावर नाही. परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी २००१ साली चिकन टिक्का मसाल्याला ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ म्हटलं, तो याच भटारखान्यांतून वर आलेला पदार्थ. एक मात्र खरं की मधुरबाई आपल्या मताला चिकटून बसल्या नाहीत. ज्या शब्दाचा त्यांनी १९७३मध्ये धिक्कार केला, त्याच शब्दाच्या नावाने २००३मध्ये त्यांनी 'अल्टिमेट करी बायबल' लिहिलं. भारतातून निघालेला हा पदार्थ त्रिनिदाद, दक्षिण आफ्रिका, मलायापर्यंत मजुरांबरोबर, सैनिकांबरोबर कसा गेला हे त्यात आहे. २०१२मध्ये 'करी नेशन' या मालिकेसाठी त्या ब्रिटनमधल्या आपल्या लोकांच्या स्वयंपाकघरांत जाऊन उभ्या राहिल्या.

मधल्या काळात पुष्कळ झालं. १९८९मध्ये अतिपूर्वेकडच्या स्वयंपाकाची मालिका, १९९५मध्ये 'फ्लेव्हर्स ऑफ इंडिया', ज्यासाठी त्या गोवा, केरळपर्यंत फिरल्या. न्यू यॉर्कच्या 'दावत' या उपाहारगृहाला सल्ला दिला. तिसाच्या आसपास पुस्तकं. २००४मध्ये ब्रिटनचा सीबीई, २०२२मध्ये भारताचं पद्मभूषण. आपल्या सरकारला जरा उशिराच आठवण झाली, पण असो.

२०१९ साली न्यू यॉर्कमधल्या एका तरुण रॅप गायकाने 'नानी' नावाचं गाणं केलं आणि त्याच्या व्हिडिओत बेदरकार, तोंडाळ आजीचं काम करायला मधुरबाईंना बोलावलं. हा तरुण म्हणजे जोहरान ममदानी, २०२५मध्ये न्यू यॉर्कच्या महापौरपदी निवडून आलेला. त्याची आई मीरा नायर, चित्रपट दिग्दर्शिका. मधुरबाईंचं वय तेव्हा ८५. त्या व्हिडिओत त्यांना बघताना चेहऱ्यावरचा मिश्कीलपणा लपत नाही. अभिनय शिकायला घर सोडलेल्या बाईंना जगाने स्वयंपाकाची बाई करून टाकलं, आणि मुलाखतींतून त्या न कंटाळता सांगत आल्या की मी शेफ नाही, मी नटी आहे.